ठुशी नसलेली राणी

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक पारखी होता. नजर तीक्ष्ण, पण काळीज सशाचं. बिचाऱ्याला कारणही तसंच होतं. राणीसाहेबांचं नवं चित्र आलं, की पारख्याने भर दरबारात एकेक दागिना मोठ्याने पुकारायचा आणि तो चित्रात आहे की नाही ते सांगायचं, अशी तिथली रीत. एकदा चित्रात एक कुडी राहिली आणि ती जुन्या पारख्याच्या नजरेतून सुटली. झालं! चित्रकार आणि पारखी, दोघेही तुरुंगात गेले. त्यांच्या जागी हा नेमलेला.

एके दिवशी एका तरुण चित्रकर्तीने राणीचं चित्र दरबारात आणलं. पारख्याने वरचं कापड बाजूला केलं आणि तो दचकून मागेच सरला. पेन्सिलीच्या मोकळ्या रेघा, त्यांवर रंगीत खडूचे ओझरते फटकारे. शालू म्हणजे नुसता निळा फराटा. एक हात तर कोपरापाशीच विरून गेलेला. अंगावर दागिना एकही नाही!

"पोरी, हे काय करून ठेवलंस?" तो कुजबुजला.

"मला दिसल्या तशा काढल्या," ती म्हणाली.

पारख्याने पुन्हा पाहिलं. किंचित कललेली मान, बोलता बोलता थांबलेले ओठ. सज्जात एकट्या उभ्या असताना राणीसाहेब अगदी अशाच दिसत. ती ऐट आणि तो एकटेपणा, दोन्ही त्या रेघांत उतरलं होतं. चित्र त्याला फार आवडलं आणि म्हणूनच तो जास्त घाबरला. 'अपुरं आहे' एवढंच म्हटलं की तो सुटणार होता. तुरुंगात जाणार होती ती पोर.

"पुकारा!" राणीचा आवाज आला.

"नथ... नाही." तो पुकारू लागला. "ठुशी नाही. बाजूबंद नाहीत."

पहारेकरी चित्रकर्तीकडे सरकले. पारख्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"पण राणीसाहेब, या चित्रात तुम्ही आहात. आधीच्या एकाही चित्रात नव्हतात."

राणी उठून चित्रासमोर आली आणि बराच वेळ पाहत राहिली. पाहता पाहता तिची मान तशीच कलली.

"हे बोलताना भीती नाही वाटली तुला?"

"वाटली, राणीसाहेब. अजून वाटतेय."

राणीने नथ उतरवून तबकात ठेवली. मग पहारेकऱ्यांना म्हणाली, "तुरुंगातल्या त्या दोघांना घेऊन या. त्यांनाही हे चित्र पाहू दे."

तात्पर्य: चांगलं दिसलं की चांगलं म्हणावं, आवाज कापला तरी चालेल.