सरसाचा पाळणा, लाखेचा पाळणा

खूप जुनी गोष्ट आहे, बाळांनो. तुमच्या आजोबांच्या आजोबांनीही ती कोणाकडून तरी ऐकलेली. मोठी माणसं शेजारी बसली असतील तर त्यांनीही ऐकावी, कारण यातली चूक मोठ्या माणसाचीच आहे.

एका गावात एक सुतार राहत होता. त्याच्या हातचा सरस साऱ्या राज्यात नावाजलेला. कातड्याचे तुकडे भिजत घालायचे, मंद आचेवर शिजवायचे आणि त्या चिकट रसाने लाकडाला लाकूड जोडायचं, हे काम पुष्कळ सुतार करत. पण याचा सरस कधी करपत नसे. तो गरम असतानाच पातळसा लावायचा, फळ्या सुंभाने आवळून बांधायच्या आणि वाळेपर्यंत तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, असा त्याचा नेम होता. राजाचं सिंहासन त्याने असंच जोडलं होतं. पुढे राजा बदलला, पण सिंहासन कधी कुरकुरलं नाही.

एकच खोट होती. सरस शिजायला लागला की असा वास सुटे, की सुतारीण नाकाला पदर लावून शेजारी जाऊन बसे. "ह्या सरसापायी एक दिस म्हायेरला निघून जाईन बघा," असं ती दर वेळी म्हणे आणि जेवायच्या वेळेला परत येई.

त्यांची एकुलती एक लेक बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. सुतार आजोबा झाला आणि त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. "माझी नात माझ्याच हातच्या पाळण्यात निजंल, आन् लेक त्योच पाळणा घेऊन सासरी जाईल," असं त्याने गावभर सांगून टाकलं.

जपून ठेवलेलं सागवान त्याने बाहेर काढलं. पाळण्याच्या बाहेरच्या अंगाला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे पोपट कोरले. सांधे अर्थातच सरसाने जोडले, तेही आपल्या सर्वांत उत्तम सरसाने. बारशाला जमलेल्या बायका म्हणाल्या, "पाळणा बघावा का बाळ बघावं!" सुताराने विनयाने मान खाली घातली, पण कान मात्र चांगले टवकारलेले होते.

थोड्याच दिवसांत पाळणा कुरकुरू लागला. मग एका दुपारी तळाची फळी एका बाजूने सुटली आणि बाळ गोधडीसकट घसरलं. नशीब, लेक शेजारीच बसली होती. तिने त्याला वरच्यावर झेललं. बाळाची झोपसुद्धा मोडली नाही, पण लेकीने त्या दिवशी त्याला खाली ठेवलं नाही.

सुताराने सांधा चाचपला. सरस भिजून लिबलिबीत झाला होता.

"आसं कसं झालं? सिंहासन तर आजून जसंच्या तसं हाय!"

"आवं," सुतारीण म्हणाली, "राजा काय सिंहासनावर शू करतुया व्हय?"

लेक हसली. सुताराला काही हसू आलं नाही.

सुतारीण लाखेच्या बांगड्या घडवणाऱ्याची मुलगी. "लाख लावून बघा," ती म्हणाली. "लाखंला पानी लागत न्हाई." एरवी सुताराने हे ऐकूनही घेतलं नसतं. लाख ती बांगड्यांची, असं त्याचं मत. पण नातीसाठी त्याने तेही गिळलं. लाख वितळवून सांधे नव्याने जोडले, त्यांवर घागरभर पाणी ओतलं, आणि सांधे हलले नाहीत तेव्हा सगळ्या घराला बोलावून दाखवलं.

मग थंडी पडली. बाळाला शेक मिळावा म्हणून आजीने पाळण्याखाली शेगडी ठेवली, वर ओव्याची धुरी दिली. बाळ उबेत गाढ झोपलं. पण ती ऊब सांध्यांनाही लागत होती. लेकीने बाळाला पाजायला उचलून घेतलं, पाळण्याच्या कडेला हात टेकला, आणि अख्खी फळी तिच्या हातात आली. लाख मऊ होऊन खाली ओघळली होती.

या वेळी कोणी हसलं नाही.

"आबा, ऱ्हाऊ द्या आता," लेक हळूच म्हणाली. "सासरी जाऊन मी लुगड्याची झोळी बांधीन. मला ह्या पाळन्याचं भ्या वाटतंय."

ती रागावून बोलली असती तर सुताराने सोसलं असतं. ती समजावून बोलली, म्हणून ते फार लागलं. त्याने कोरकामाची पटाशी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मायलेकी नदीवर धुणं धुवायला निघाल्या. सुतारणीने जाता जाता बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. "धरा. नुसतं बसून तरी काय करताय?"

इतके दिवस सुताराने पाळणाच पाहिला होता. बाळ असं पहिल्यांदाच पाहिलं.

बाळाने त्याचं धोतर भिजवलं. त्याने फडकं बदललं, तर तेही भिजवलं. गार लागलं तसं ते रडू लागलं. शेगडीजवळ नेलं तसं गप्प झालं. मग बाळाने अशा काही लाथा झाडल्या, की सुतार कौतुकाने म्हणाला, "बया, तू तर रंदा मारायला पायजेस!" दमल्यावर बाळ उताणं पडून वर बघत राहिलं. वर आढ्याशिवाय काहीच नव्हतं, तरी ते टक लावून बघत होतं. सुताराच्या मनात आलं, आपण पोपट कोरले ते पाहुण्यांसाठी. जिच्यासाठी पाळणा केला, तिला त्यातला एकही दिसत नाही.

त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने नातीचे पाय आपल्या कपाळाला लावले.

मायलेकी परतल्या तेव्हा ओट्यावर रंधा चालू होता आणि बाळ शेजारी गोधडीवर पडून ते बघत होतं.

या वेळी त्याने फळ्यांच्या टोकांना अशा खाचा पाडल्या, की एकीचे दात दुसरीत जाऊन अडकले. त्यांत वाळलेल्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, ओल लागली तर फुगून आणखी घट्ट बसणाऱ्या. तळाला फळी न घालता सुती पट्टे विणले, म्हणजे ओल खाली निथळेल आणि ऊब वर येईल. जिथे पाणीही जाईल आणि आचही लागेल, तिथे त्याने ना सरस लावला, ना लाख.

मग काय, दोन्ही टाकून दिलं? छे! छोटेसे पोपट कोरून, त्यांचे पंख सरसाने जोडून ते बाळाच्या डोळ्यांसमोर उंच टांगले. तिथे ना ओल पोचत होती, ना आच. आणि एक खुळखुळाही केला; बाळ तो तोंडात घालणार म्हणून त्यावर लाख चढवली, ती आजीच्या हातून.

निघायचा दिवस आला. बैलगाडी दारात उभी होती. लेकीने पाळण्याचा तळ हाताने दाबला, मग सगळा भार देऊन दाबला. कुठे कुरकुर झाली नाही. तिने बाळाला आत निजवलं, पण हात काही काढेना. बाळाने वर पोपट पाहिले आणि दोन्ही पाय झाडून हुंकार दिला. तेव्हा लेकीने हात काढून घेतला.

"आबा, गाडीत घाला," ती म्हणाली. सुताराने पाळणा स्वतःच्या हाताने गाडीत चढवला.

पुढे त्या पाळण्यात लेकीची बाकीची मुलं वाढली, मग मुलांची मुलं. आणि सुताराकडे कोणी काही करवून घ्यायला आलं, की तो आधी त्या माणसाच्या घरी जाऊन बसे. सुतारीण म्हणे, "निघाले बघा, फुकटचं ताक प्यायला!" तो हसून जाई, ताकही पिई, आणि मगच लाकडाला हात लावी.

तात्पर्य : माया करताना आपल्याला काय उत्तम जमतं ते पाहू नये, समोरच्याला काय लागतं ते पाहावं.