शब्द मागे घे!

हिरापूरचे महाराज बेसूर गातात, असं चंद्राक्का कुंभारीण पाणवठ्यावर बोलली आणि अख्ख्या गावाच्या भावना दुखावल्या. ज्यांनी ते गाणं कधी ऐकलंच नव्हतं, त्यांच्या तर जास्तच. मोर्चा तिला धरून दरबारात आला.

महाराज गरजले, “असं जो कुणी बोलेल त्याची गाढवावरून धिंड! वाचायचं असेल तर शब्द मागे घे.”

“घेते की. पण कुठले? कुणीतरी सांगा, नेमके तेच घेते.”

दरबारात कुणाचं तोंड उघडेना. शेवटी महाराजच भडकून ओरडले, “महाराज बेसूर गातात, हे!”

“धिक्कार! धिंड काढा!” मोर्चा सवयीनं ओरडला.

चंद्राक्का हात जोडून म्हणाली, “महाराज, गाढव एकच आहे. आपण पुढे बसा. शब्दांचं नंतर बघू, आधी मला मागे घ्या.”