नकाशातल्या घराची वास्तुशांत

“दसऱ्याला बुरूड आळीत घरं उभी दिसली पाहिजेत! आणि त्यासाठी खजिन्यातून एक कवडीही जाता कामा नये!” महाराज प्रतापदेव गरजले. “नाही दिसली, तर पंत, तुमचं डोकं उडवीन!”

पंत म्हणजे मी, त्र्यंबकपंत. मोठा अधिकारी हो! माझ्याकडे दोन खाती होती. सकाळी लाल पगडी घालून मी घरखात्याचा प्रमुख व्हायचो आणि घरांसाठी पैसे मागायचो. दुपारी पांढरी पगडी घालून खर्चखात्याचा प्रमुख व्हायचो आणि तीच मागणी फेटाळायचो. उभी हयात अशी इमानेइतबारे नोकरी केली. राज्यात एक झोपडी उभी राहिली नाही, पण माझ्या कामात चूक काढायची कुणाची टाप नव्हती!

उन्हाळ्यात बुरूड आळी जळाली. टोपल्या-सुपं विणणारी ती माणसं तेव्हापासून पोराबाळांसह चिंचेखाली राहत होती. आता थंडी तोंडावर आलेली, आणि महाराजांचा हा हट्ट!

मग अधिकाऱ्यानं करावं तेच मी केलं. झकास नकाशा काढवला. ओसऱ्या काढल्या, दारांना हिरवा रंग दिला, वर शिक्का मारला आणि दरबारात सांगून टाकलं, “महाराज, घरं तयार!” आमच्या खात्यात नकाशा मंजूर झाला की घर झालं असंच धरतात.

महाराज खूश! “वा, पंत! मग दसऱ्याला वास्तुशांतीला आम्ही जातीनं येणार!”

आता आली का पंचाईत! धावत चिंचेखाली गेलो. तिथं तुळसा बुरडीण तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. साऱ्या आळीत तिच्याइतकी धारदार जीभ कुणाची नव्हती.

“तुळसाबाई, वाचवा! माझं डोकं जातंय!”

“जाऊ द्या की! पगड्या दोन आहेत तुमच्याकडं. डोकं असून तरी काय केलंत?”

“अहो बाई, चेष्टा नको!”

“चेष्टा तुम्ही केलीत, पंत. ह्या लेकरानं थंडी कशी काढायची, सांगा. सासू माझी रातभर खोकते. नकाशा अंगावर पांघरू का तिच्या?”

मी खाली मान घालून उभा राहिलो. खरंच लाज वाटली हो! तशी ती म्हणाली, “तो नकाशा द्या इकडं. आणि रांगोळी पाठवा टोपलीभर.”

दसरा उजाडला. महाराज वाजतगाजत आळीत आले आणि थबकले. समोर मोकळं रान! नकाशातलं प्रत्येक घर रांगोळीनं जमिनीवर काढलेलं, आणि दाराच्या जागी दोन काठ्यांना झेंडूचं तोरण.

“या महाराज, या! पण जरा वाकून. चौकट ठेंगणी आहे!” तुळसा म्हणाली.

महाराज गोंधळून वाकले. मागून सारा दरबार वाकला. मी तर इतका वाकलो की पगडीच खाली पडली.

मागून महाराजांचं छत्र आत येऊ लागलं, तशी तुळसा आडवी आली. “छत्र बाहेर! छपराखाली छत्र धरत नाहीत. राजवाड्याचीच रीत आहे ना?”

महाराज पाटावर बसले. पान वाढलं गेलं. आता वाढल्या पानावरून उठायचं कसं? आश्विनातलं भर दुपारचं ऊन! महाराजांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

“छत्र धरा रे!” शेवटी ते ओरडले.

“धरू द्या की, महाराज!” तुळसा हात जोडून म्हणाली. “पण मग वर छप्पर नाही असं होईल. छप्पर नाही म्हणजे घर नाही, आणि घर नाही म्हणजे महाराजांचा शब्द खोटा. आता महाराजांनीच सांगावं, वर छप्पर आहे की नाही?”

महाराज माझ्याकडे वळले. “पंत! आहे की नाही?”

मी लाल पगडी चढवून म्हणालो, “आहे, महाराज!” मग ती काढून काखेतली पांढरी चढवली. “असेल कसं, महाराज? पैसेच दिले नव्हते!”

महाराजांच्या मिशा हलल्या. हसू दाबत ते म्हणाले, “पोरी, अडवलंस खरं! पण आमचाही शब्द आहे. घरांच्या खर्चाला खजिन्यातून कवडी मिळायची नाही.”

“खर्च कोण मागतंय?” तुळसा म्हणाली. “महाराज आज आमचे पाहुणे. वास्तुशांतीला पाहुणा रिकाम्या हातानं येतो का? आहेर करा!”

“कसला आहेर?”

“घरात जे नसेल तेच आहेर म्हणून देतात, महाराज. आमच्या घरात सगळं आहे. फक्त भिंती आणि छप्पर तेवढं नाही!”

महाराज असे खदाखदा हसले की पानातली खीर सांडली! “दिला! आमच्या खासगीतून दिला आहेर! आजच गवंडी लावा!” आणि माझी लाल पगडी उचलून त्यांनी तुळसाच्या हातात ठेवली. “घरखातं आजपासून तुझं!”

दिवाळीत आळीतल्या ओसऱ्यांवर पणत्या लागल्या. दारं हिरवीच, अगदी माझ्या नकाशातल्यासारखी.

माझ्याकडे आता पांढरी पगडी तेवढी उरली आहे. तुळसाबाई मला आळीत बोलावून घरांसाठी पैसे मागतात. मी सवयीनं “नाही” म्हणतो. त्या मुळीच रागवत नाहीत. “बरं पंत, या, आत बसून बोलू,” म्हणतात, आणि अंगणात रांगोळीनं काढलेल्या घरात भर उन्हात माझ्यासाठी पाट मांडतात.