कापूसआळीची चूल

फार फार पूर्वी, ढग अजून घराघरांत पिंजले जायचे त्या काळी, एका नगराच्या टोकाला पिंजाऱ्यांची एक आळी होती. तिथे दिवसभर कापूस पिंजायच्या धनुकलीची तार टुंग टुंग वाजायची आणि कापूस हवेत तरंगत राहायचा. तो कधी खाली बसायचाच नाही. माणसं त्यातून हळूहळू चालायची, हळूहळू बोलायची. परका कुणी आळीत शिरला की त्याला वेशीतच जांभई यायची. रात्री दिव्यांऐवजी काजवे असायचे. नगरातले लोक ज्या गाद्यांवर झोपायचे, त्यांतली स्वप्नंसुद्धा म्हणे इथेच भरली जायची. खरंखोटं त्या पिंजाऱ्यांनाच ठाऊक.

आळीच्या वेशीवर तळणीच्या दुकानांची रांग होती. भजी, वडे, शेव, पुऱ्या, पाकातल्या जिलब्या! कढया सकाळी चढायच्या त्या रात्रीच उतरायच्या. दमलेली मंडळी संध्याकाळी तिथूनच पुडा घ्यायची, खायची आणि आडवी व्हायची. श्रीमंतांच्या पेठेत मात्र असं एकही दुकान नव्हतं हं. तिथल्या लोकांना तेलाचा वास सोसत नसे.

या आळीत एक पिंजारीण राहायची. नवरा गाद्या विकत देशोदेशी फिरायचा, घरात ती आणि तिची लेक. लेक गुबगुबीत, गोड. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिचे गालगुच्चे घ्यायच्या. पण एके दिवशी पोरगी अंगणातून घरात आली आणि भिंतीला टेकून धापा टाकायला लागली. ओठ निळसर पडले. पिंजारणीने तिला उचललं आणि वैद्यबुवांकडे धाव घेतली.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "बाई, हिच्या पोटात तळणाशिवाय दुसरं काही जात नाही. असंच चाललं तर पोरीचं काही खरं नाही. हिला घरचं खाऊ घाल."

"बरं," ती म्हणाली. घरचं म्हणजे काय, ते विचारायची तिला लाज वाटली.

पण करणार काय? वेशीपाशी गेली की लेक हटून बसायची. आणि एकटी तीच कशाला, आईलाही त्या वासाचा मोह सुटत नव्हता. शेवटी पिंजारीण तडक राजाकडे गेली.

"महाराज, ती दुकानं उठवा! माझी पोर हातची जाईल."

राजा मऊ मनाचा. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने लगेच दवंडी पिटवली, "पिंजाऱ्यांच्या वेशीवर यापुढे कुणी कढई चढवायची नाही!" दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळी दुकानं उठली.

त्या संध्याकाळी आळी अगदी शांत झाली. तारा थांबल्या, कापूस तरंगत राहिला. माणसं हातपाय धुऊन आपापल्या दारात बसली आणि एकमेकांकडे बघत राहिली. मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "आता जेवायचं काय?"

"घरचं," पिंजारीण म्हणाली.

"म्हणजे काय गं?"

त्या आळीत कुणाच्याही घरी चूलच नव्हती. कापसात ठिणगी पडली तर सगळीच राखरांगोळी, म्हणून कुण्या जुन्या राजाने वेशीच्या आत विस्तव पेटवायला मनाई केली होती. आजी-पणजीपासून कुणी घरात चूल पाहिलीच नव्हती, त्यामुळे ती नाही हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं. इतकी साधी गोष्ट, पण सुचली कुणाला?

लोकांनी चुरमुऱ्यांवर भागवलं. पोरं रडून रडून झोपली. सकाळ होताच सगळे पिंजारणीवर तुटून पडले. "मोठी आली शहाणी! आमच्या पोटावर पाय दिलास. जा, दुकानं परत आण!"

सगळ्यांत जुनं दुकान तळणवाल्या मावशीचं होतं. ती डोळे पुसत म्हणाली, "मी काय विष विकत होते का गं? मागितलंत ते तळून दिलं."

घरात लेक कण्हत होती, "आई, एकच वडा दे ना गं." दुकानं आणावीत तर पोर जाणार, आणि न आणावीत तर सगळी आळी उपाशी. ती रडत रडतच निघाली, आणि वाटेत पेठेतल्या घरोघरी पेटलेल्या चुली बघत पुन्हा राजासमोर उभी राहिली.

"लोक चिडलेत म्हणे," राजा म्हणाला. "सांग, दुकानं परत येऊ देऊ?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर आळीने तिला डोक्यावर घेतलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे लेकीचे निळे ओठ आले.

"नको, महाराज. पण उपासही नको. आम्हाला चूल द्या."

"चूल? अगं, ती तर घरोघरी असते!"

"आमच्याकडे नाही."

"नाही? कोणी बंद केली?"

म्हातारे प्रधान हळूच खाकरले. "आपल्या पणजोबांनी, महाराज."

राजा ओशाळून म्हणाला, "पणजोबांनी आळी जळण्यापासून वाचवली, ते चांगलंच केलं. मी मात्र घरात चूल आहे का ते न बघताच तुमच्या कढया उतरवल्या."

नदीकाठी, वारा ठिणग्या पाण्यावर नेतो अशा जागी, सगळ्या आळीसाठी एक लांबलचक चूल बांधली गेली. राजाच्या मळ्यातून रोज भाजी येऊ लागली. वेशीवर तळण फक्त सणावारी, आणि तेही एकाच दुकानात, असा नियम झाला. बाकीचे दुकानदार रागारागाने दुसऱ्या गावी गेले. मावशी तेवढी राहिली. विस्तवाशी ओळख तिचीच, म्हणून तिनेच बायाबापड्यांना आणि बाप्यांनाही भाकरी थापायला शिकवलं.

पिंजारणीची पहिली भाकरी म्हणजे कुठल्याशा देशाचा नकाशाच! लेकीने तोंड वाकडं केलं. "कडक आहे."

"चाव," आई म्हणाली.

ते जेवण आवडायला पोरीला पुष्कळ दिवस लागले, खोटं कशाला सांगा? पण हळूहळू तिची धाप कमी झाली, गालांवर लाली आली.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ती कापसाच्या एका पुंजक्यामागे धावत सुटली. पुंजका पुढे, ती मागे, थेट नदीपर्यंत.

"अगं थांब! किती पळशील!" पिंजारीण ओरडली.

असं ओरडायची वेळ तिच्यावर आजवर कधी आलीच नव्हती. ते लक्षात आलं, आणि ती तिथेच, भर रस्त्यात, आनंदाने रडायला लागली. पोरगी काही थांबली नाही.

तर मंडळी, या गोष्टीचं तात्पर्य असं: वाईट खाणं जरूर बंद करा, पण त्याआधी त्या घरात चूल पेटते की नाही, ते बघून या.