मोराची शिकवणी

फार पूर्वी एका रानात नदीवर नजर ठेवायचं काम टिटवीकडे होतं. पण सभेत बोलायचं म्हटलं की ती अडखळायची. म्हणून ती मोराकडे शिकायला गेली. मोर म्हणाला, "आधी मान ताठ, मग जरा थांबायचं, मग एखादा विनोद!"

पुराच्या सकाळी टिटवी सभेत उभी राहिली. मान ताठ केली, थांबली, विनोदही केला. सगळे खदखदून हसले. तेवढ्यात सशिणीच्या बिळाकडे पाणी सरकताना तिला दिसलं. शिकलेलं सगळं विसरून ती ओरडली, "अहो, हसताय काय? पूर आलाय! पिल्लं उचला, टेकडीवर पळा!"

सगळं रान धावत सुटलं आणि वाचलं. टेकडीवर ओला पिसारा झटकत मोर म्हणाला, "बोललीस बरं, पण आभारप्रदर्शन राहून गेलं."