शुभ्र गालिचा आणि कोकमाचा डाग

एका राज्यात दोन जावा राहत होत्या. दोघीही राण्या, आणि दोघींच्या महालांत मिळून भिंत एकच. त्यामुळे इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची, आणि इकडे कोणी नवा शालू नेसलं की तिकडे कोणाचा डोळा लागायचा नाही.

थोरली हेमकला ही राजाची राणी. धाकटी कुमुदिनी ही राजाच्या भावाची, कुमार सोमधराची राणी. सोमधर पाळण्यात असतानाच त्याची आई वारली. त्याला हेमकलेनंच भरवलं, निजवलं, वाढवलं. पुढे तो मुलुख फिरू लागला, तेव्हा परतल्यावर पहिली भेट वहिनीच्या ओंजळीत पडे. मग त्याचं लग्न झालं, आणि पहिली भेट भिंतीपलीकडे जाऊ लागली.

त्या वर्षी सोमधर जादूगारांच्या मुलखात गेला. तिथं परक्या माणसाची आठवण अंगावर टिकत नाही, वाऱ्याबरोबर उडून जाते. म्हणून त्यानं आपली आठवण मेंढीच्या लोकरीत विणवून घेतली. तिचा दुधासारखा गालिचा झाला. एक बोलकी साळुंकी तो चोचीत धरून घरी आली आणि म्हणाली, “कुमारांचा निरोप आहे. गालिचा शुभ्र असेल तोवर मला घर आठवेल. जपा.”

निरोप मिळाला तो कुमुदिनीला. हेमकलेनं तो भिंतीला कान लावून ऐकला.

पुढे वसंताचं हळदीकुंकू आलं. त्या दिवशी थोरल्या जावेनं सगळ्या बायकांना आपल्या हातानं कोकमाचं सरबत द्यायचं, अशी त्या घराण्याची रीत. कुमुदिनीच्या दालनात गालिचा अंथरला होता. बायका त्याच्यावरून हात फिरवत होत्या.

“किती बाई मऊ. धाकट्या राणीसाहेबांवर जीवच आहे कुमारांचा.”

“असणारच,” हेमकला म्हणाली, आणि तिच्या हातातला पेला कलंडला. पाय अडखळला म्हणावं तर वाटेत काही नव्हतं.

लालभडक सरबत शुभ्र लोकरीत शिरलं. दासी धावल्या. एकीनं कढत पाणी ओतलं, दुसरीनं रिठे चोळले, तिसरीनं वाख घेऊन खसाखसा घासलं. जितकं घासावं तितका डाग पसरे. पोळीएवढा होता, तो परातीएवढा झाला.

दुसऱ्या दिवशी साळुंकी म्हणाली, “कुमार आज आपल्या घोड्याचं नाव विसरले.”

कुमुदिनीनं जेवण टाकलं. हेमकलेला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर फार नाही. घोड्याचं नाव काय, पुन्हा सांगता येतं.

पुढच्या दिवशी साळुंकी म्हणाली, “लहानपणी ताप आला, तेव्हा मांडीवर घेऊन कोण बसत असे, ते कुमार आज विसरले.”

हेमकला भिंतीपलीकडे उभी होती. ती तशीच खाली बसली. मग उठली, पदर खोचला आणि साळुंकीसमोर येऊन उभी राहिली. “उपाय सांग.”

“ज्या हातानं सांडलं, त्या हातानं तीन वस्तू आणायच्या. बर्फाच्या टेकडीवरल्या बगळ्याकडचं गार पाणी, मीठराक्षसाकडचं मीठ आणि जांभळाच्या बनातल्या चेटकिणीकडचा शिरका. आणि राणीसाहेब, चोळायचं नाही. नुसतं टिपायचं.”

हेमकला निघाली. बर्फाच्या टेकडीवर बगळा एका पायावर उभा होता.

“पाणी देईन,” तो म्हणाला. “पण तू आधी कोणाकडे गेलीस? त्या मीठराक्षसाकडे?”

“नाही. तुझ्याकडेच आधी.”

बगळ्याची मान ताठ झाली. “लोक मिठाला जागतात म्हणे. पाण्याला कोणी जागतं का?” आणि त्यानं घडा काठोकाठ भरला.

मीठराक्षस पांढऱ्या ढिगावर बसला होता. त्याच्या डोळ्यांतून मीठच गळत होतं. घडा बघताच तो गुरगुरला. “बगळ्याकडे जाऊन आलीस. मी दुसरा.”

असं दुसरं होणं हेमकलेला चांगलंच ठाऊक होतं. ती म्हणाली, “मीठ आधी घेतलं असतं, तर टेकडीवरच्या बर्फात विरघळलं असतं. जपायची वस्तू मी मागाहून घेते.”

राक्षस लाजला आणि त्यानं तिची पिशवी भरून दिली.

चेटकिणीनं मात्र घडा बघितला, पिशवी बघितली आणि बरणीवर हात ठेवला. “म्हणजे मी शेवटची.”

इथं हेमकलेला काही गोड सुचेना. ती जांभळीखाली बसली. “हो, शेवटची. मीही आता शेवटचीच आहे, बाई. ज्याला वाढवलं, त्याचा निरोप मला भिंतीला कान लावून ऐकावा लागतो.”

चेटकीण तिच्याजवळ सरकली. “कान दुखत असेल.”

“दुखतो.”

दोघी बराच वेळ बसल्या, नाही नाही ती उणीदुणी बोलल्या. निघताना चेटकिणीनं बरणी तिच्या हातात दिली, किंमत न मागता.

हेमकला परतली तेव्हा गालिच्याची एकच कड पांढरी उरली होती. तिनं डागावर मीठ पसरलं. मिठानं रंग ओढला, ते लाल झालं, तिनं ते झाडून टाकलं. मग गार पाण्यात शिरका कालवून मऊ पंचा भिजवला आणि कडेकडून मध्याकडे टिपत आली. दाबायचं, थांबायचं, उचलायचं. पंचा लाल होई, लोकर पांढरी.

“घोड्याचं नाव आठवलं,” साळुंकी म्हणाली. “मांडी आठवली. धाकट्या राणीसाहेबांचं हसणं आठवलं.”

मधोमध बोराएवढा ठिपका राहिला. तो काही केल्या निघेना.

“त्यात काय आहे?” हेमकलेनं विचारलं.

“घरची वाट. पण हा डाग तुमच्या हातचा नाही.”

कुमुदिनीनं मान खाली घातली. “सरबताच्या दिवशी काळी घोंगडी अंथरायची असते, जाऊबाई. मला माहीत होतं. तरी मी हाच काढला. तुम्ही बघावा म्हणून.”

“बघितला की.”

“जेवायला बसले की अजून म्हणतात, वहिनीसारखी आमटी नाही. रोज म्हणतात. मला वाटलं, एकदा तरी माझ्याकडे असं काही असावं, जे तुमच्याकडे नाही.”

हेमकलेनं तिच्याकडे पाहिलं. जणू भिंतीपलीकडे आरसाच ठेवला होता. तिनं पंचा कुमुदिनीच्या हातात दिला. कुमुदिनी रडत रडत जोरात घासू लागली.

“घासू नकोस गं. टीप. हं, अशी.”

कुमुदिनीनं दाबलं, थांबली, उचललं. ठिपका गेला.

“कुमारांनी घोडा वळवला,” साळुंकी म्हणाली.

सोमधर आला त्या दिवशी दोन्ही महालांची दारं सताड उघडी होती आणि दोन्ही जावा एकाच उंबऱ्यावर, एकमेकींच्या खांद्यावरून बघत उभ्या होत्या. तो घोड्यावरून उतरला, आनंदानं धावत सुटला आणि चिखलाचा पाय दारात अंथरलेल्या गालिच्यावर टाकणार, तोच दोघी एका सुरात म्हणाल्या, “आधी पाय धुवायचे.”

तो थबकला आणि मग त्यानं मान वर केली. आधी कोणाकडे पाहिलं, ते हेमकलेला पक्कं ठाऊक आहे. कुमुदिनीलाही पक्कं ठाऊक आहे. दोघींनी ते एकमेकींना कधी विचारलं नाही, म्हणून त्या राज्यात आजवर सगळं सुखात आहे.