मेहुणकड्यावरची थट्टा

हा समोर दिसतो तो मेहुणकडा. पावणं, पुढं सरकू नका, पाय घसरला तर तुमची गाडी परत कोण नेणार? हसलात? हसा. या कड्यावर हसावंच लागतं. का, ते मात्र नीट ऐका.

आमच्याकडं मध काढायला गडी दोरावरून उतरतो, तेव्हा वर दोरापाशी बसायचं ते बायकोच्या भावानं. सख्खा भाऊसुद्धा चालत नाही. मेहुणा काही झालं तरी बहिणीचं कुंकू पुसू द्यायचा नाही, एवढा एकच भरवसा.

लई पिढ्यांमागं, म्हणे, चिंधा नावाचा गडी इथून खाली उतरला. वर दोरापाशी त्याचा मेहुणा भागा. हा भागा जातीचा भित्रा, कड्याच्या टोकाशी कधी उभा राहायचा नाही. भागाची थोरली बहीण, म्हणजे चिंधाची बायको सरू, सात महिन्यांची गरोदर, मागं जांभळीखाली बसली होती.

माश्या पांगवायला पेटवलेली खालची धुरी विझली आणि आग्या मोहोळ उठलं. चिंधाची एक किंकाळी आली, मग काहीच नाही. भागा ओरडला, "दाजी, सांभाळा! घट्ट धरा!" पण आवाज असा कापरा निघाला, की तो ऐकून खालचा माणूस आणखीच भेदरला. दोर थरथरू लागला. ती थरथर भागाच्या तळहातात शिरली आणि दाजी आता हात सोडणार, हे त्याला कळून चुकलं.

"भागा, काय झालं रे?" सरूनं मागून विचारलं.

भागानं मागं वळून तिच्याकडं पाहिलं. मग कुठून सुचलं देव जाणे, तो मोठ्यानं म्हणाला, "दाजी, हळदीलापण तुमचं तोंड असंच सुजलं होतं! आम्हाला वाटलं, पाटावर भोपळाच ठेवलाय!"

दोर तसाच थरथरत राहिला.

"लग्नात अकरा पुरणपोळ्या हाणल्यात, आणि आता माश्यांना भिता होय?"

भागाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज त्यानं हसता ठेवला. "नका येऊ मग! ताईला दुसरा बघतो, तुमच्यापेक्षा देखणा!"

असं सांगतात, की बऱ्याच वेळानं खालून घोगरा आवाज आला, "थांब मुडद्या, वर येऊन दात पाडतो तुझे!"

राग आला आणि हातांत बळ आलं. दोराच्या गाठीगाठीवर पाय देत चिंधा वर आला. डोळे सुजून मिटलेले. चाचपत त्यानं मेहुण्याचा गाल शोधला, खाडकन एक ठेवून दिली आणि त्याच्याच गळ्यात पडून ढसाढसा रडला.

आजही इथं कुणी 'सांभाळ' म्हणत नाही. मेहुणा थट्टा करतो, खालचा शिव्या देतो. खालून उत्तर आलं नाही तरी माणूस वर येईपर्यंत थट्टा थांबवायची नाही, असा रिवाज आहे. आमचा हैबती खाली उतरला, त्या वेळी त्याचा मेहुणा दुपारभर बोलत होता. लोकांनी दोर ओढून हैबतीला वर घेतला, तोंडावर फडकं टाकलं, तरी ह्याचं चालूच. शेवटी बहिणीनंच उठून त्याच्या तोंडावर हात ठेवला.